जावयाला चकवणारे फुगे

माझ्या आईने आयुष्यभर मोठाल्या वस्तू शिवल्या. शर्ट, फ्रॉक, उशांचे अभ्रे असलं बारीक काम तिला कधी जमलं नाही, आणि त्याची तिला लाजही नव्हती. शाळेत असताना माझ्या गणवेशाची बाही उसवली तर ती मला कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे पाठवायची. "एवढंसं काही हातात धरलं की मला ते सापडतच नाही," म्हणायची. पण ट्रकची ताडपत्री, सहलीचे तंबू, दुकानापुढचं पट्ट्यापट्ट्यांचं छत, हॉटेलच्या बागेतल्या छत्र्या, यांत तिचा हात धरणारं आमच्या शहरात कुणी नव्हतं. गल्लीत तिला सगळे तंबूवाल्या बाई म्हणत.

तिचा कारखाना म्हणजे आमच्या घराखालचं एक लांबट दालन. तीन मशिनं आणि गुळगुळीत फरशी. कापड कुठल्याच टेबलावर मावायचं नाही, म्हणून आई गुडघ्यांना रबराच्या गाद्या बांधून जमिनीवर रांगत बेतायची. मी बाळपणी फार लवकर रांगायला लागले म्हणे, आणि बाबा म्हणत की पोरीने आईचं बघून धंदा सुरू केला. बाबा बसचे ड्रायव्हर होते. मी सहावीत असताना आजारपणात गेले. त्यानंतर वर्षभर आई फारसं बोलली नाही, नुसती मशीन चालवत राहिली. मग एक दिवस मी शाळेतून आले तर ती उलट्या टांगलेल्या छत्रीत डोकं घालून स्वतःशीच गुणगुणत होती. आता आमचं घर चालेल, असं मला तेव्हा वाटलं, आणि ते चाललंही.

तिची खरी करामत गोल वस्तूंत होती. सपाट कापडातून गोल काढायचं तर संत्र्याच्या फोडींसारख्या कळ्या कापाव्या लागतात. प्रत्येक कळीची कड वळणदार असते. पहिल्या कळीत वळण केसभर चुकलं की बाराव्या कळीपर्यंत ते बोटभर होतं आणि गोळ्याचा बटाटा होतो. आईचा गोळा गोळाच राहायचा. दुकानाच्या गच्चीवर जाहिरातीसाठी सोडतात तसले माणसापेक्षा मोठे फुगे ती करायची. असाच एक लाल फुगा तिने चपलांच्या दुकानासाठी केला होता, आणि त्या फुग्याने आमचं नशीब बदललं.

शहराबाहेर, टेकडीच्या पलीकडे, संरक्षणाची एक मोठी संस्था होती. तिथल्या एका विभागाच्या प्रमुख बाई बाजारातून जाताना तो फुगा बघून थांबल्या. मान वर करून इतका वेळ उभ्या राहिल्या की दुकानदाराने त्यांना बसायला स्टूल आणून दिलं. पत्ता विचारत त्या आमच्याकडे आल्या. उंच, बारीक, केस कापलेल्या, आणि बोलणं एकदम मोजकं. पुढे आम्ही त्यांना मोठ्या बाईच म्हणायला लागलो, कारण संस्थेत सगळे तसंच म्हणत.

कोपऱ्यात तसाच आणखी एक फुगा होता. त्या त्याच्याभोवती दोनदा फिरल्या आणि म्हणाल्या, "याची शेवटची शिवण कुठली?"

"शोधा," आई म्हणाली. "सापडली तर फुगा तुमचा."

मोठ्या बाई अर्धा तास शोधत होत्या. मध्ये आईने त्यांना चहा दिला, तो त्यांनी फुग्याला एक हात लावूनच प्यायला. शिवण सापडली नाही. जाताना त्या म्हणाल्या, "आमच्याकडे येता का कामाला?"

"काय शिवायचं?"

"फुगेच."

"मग येते," आई म्हणाली. तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती आणि त्याआधी तिने कुणाचीच नोकरी केलेली नव्हती.

पहिले तीन महिने तिला वाटत होतं की हे फुगे हवामान खात्यासाठी आहेत. तिथे कापड नव्हतं, चांदीसारखा चमकणारा, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ पडदा होता. दोरा नव्हता, गरम चाकाने कडा चिकटवायच्या. आईने पहिल्या आठवड्यात अठरा फुगे फाडले आणि एकोणिसावा असा केला की शेजारच्या टेबलावरची माणसं उठून बघायला आली. तीन महिने झाल्यावर तिच्याकडून कागदांवर सह्या घेतल्या गेल्या आणि फुगे कशासाठी ते सांगण्यात आलं. घरी आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?" तर ती म्हणाली, "भाजी चिरून ठेव." तिने ताकास तूर लागू दिली नाही.

आज मी हे सांगते आहे, कारण त्या चाचण्यांना वीस वर्षं होत आली. त्यातली यंत्रं मोडीत निघाली आणि काय सांगायचं, काय नाही, हे मी रीतसर विचारून घेतलं आहे.

दुरून डागलेलं क्षेपणास्त्र फार उंच जातं, हवेच्याही वर, आणि तिथून खाली येतं. ते एकाच जागी अडवायचं ठरवलं आणि नेम चुकला, तर खेळ खलास. म्हणून थर असतात. पहिली फळी उंचावर, हवेच्या बाहेर. तिथून निसटलं तर खाली दुसरी. पण अडवायचं तर आधी दिसायला हवं, आणि सगळं दिसेल असा एकच डोळा कुणी बनवलेला नाही. उपग्रहाला उड्डाणाच्या वेळचा आगीचा लोळ दिसतो, पण आग विझली की तो चाचपडतो. लांब पल्ल्याच्या रडारला वस्तू आणि तिचं अंतर कळतं, पण ती गरम आहे की गार ते कळत नाही. उष्णता बघणाऱ्या डोळ्याला ऊब कळते, अंतर कळत नाही. आणि जवळच्या रडारला सगळं बारीक दिसतं, पण तोवर वेळ उरतो तो चिमूटभर. हे सगळे एकमेकांना सांगत राहिले तरच उपयोग. ते सांगणं ज्या खोलीत एकत्र येतं तिला संस्थेत जोडखोली म्हणत.

आता क्षेपणास्त्र पाठवणारा बेरकी असेल तर तो सोबत खोटे गोळे सोडतो. उंचावर हवा नसल्यामुळे तिथे फुगा आणि लोखंडाचा गोळा एकाच वेगाने जातात. नुसती चाल बघून खरा कुठला, खोटा कुठला, सांगता येत नाही. संस्थेला स्वतःचीच परीक्षा घ्यायची होती, तर असे खोटे गोळे करणारं, समोरच्याच्या नाकी नऊ आणणारं कुणीतरी पदरी हवं होतं. ते काम माझ्या आईचं.

आणि त्या जोडखोलीत आमचे हे कामाला होते.

यात कुणाचंच कारस्थान नव्हतं. मी सरकारी हॉस्पिटलात नर्स होते. हे मनगट मोडून घेऊन आमच्या वॉर्डात आले. सायकलवरून पडले होते, तेही उभ्या सायकलवरून. प्लास्टर होईपर्यंत त्यांनी मला घड्याळ, थर्मामीटर आणि सलाइनची नळी यांबद्दल एकवीस प्रश्न विचारले. कुठे काम करता म्हटल्यावर म्हणाले, "टेकडीपलीकडे." मी म्हटलं, "माझी आईही." त्यावर दोघंही गप्प, कारण त्यापुढे कुणालाच बोलायची परवानगी नव्हती. लग्न होऊन आम्ही आईच्याच घरी राहायला लागलो, तरी सासू-जावयांना एकमेकांबद्दल ठाऊक होतं ते इतकंच, की आपण एकाच फाटकातून आत जातो. संस्थेत हजारभर माणसं होती आणि फुग्यांची शेड जोडखोलीपासून चांगली तीन मैलांवर होती.

जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण आमचा ग्रह गरीब होता. आईपुढे तर फारच. तिच्या दालनात पाऊल टाकताना चपला हातात घेऊन यायचे, चुकून कापडावर पाय पडेल म्हणून.

भानगड झाली ती एका रविवारी दुपारी जेवताना. त्या आठवड्यात पहिली मोठी चाचणी झाली होती, हे मला अर्थातच माहीत नव्हतं. हे फार खुशीत होते. पावाला लोणी लावता लावता सहज म्हणाले, "या खेपेला कुणीतरी आमचा मामा बनवायला निघालं होतं. रडार पार फसलं. पण माल थंड निघाला, तिथे पकडला."

आईचा चमचा थांबला. "थंड म्हणजे किती थंड?"

"म्हणजे अगदी..." असं म्हणून यांनी वर पाहिलं. आई यांच्याकडे बघत होती. हे आईकडे बघत होते. मी दोघांकडे बघत होते.

"भाजी चांगली झालीय," हे म्हणाले.

"अंडी आहेत ती," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही आपापल्या साहेबांकडे गेले आणि आपणहून सगळं सांगून टाकलं. दोघांचे कागद शेवटी एकाच टेबलावर पोचले, ते मोठ्या बाईंच्या. त्यांनी दोघांना एकदम बोलावलं. यांना आधी चांगलं झापलं. मग म्हणाल्या, "संस्थेत फुगा करणारी इतकी चांगली दुसरी बाई नाही, आणि जोडणारा इतका चांगला दुसरा माणूस नाही. घर तर मी तोडू शकत नाही. तेव्हा घरात कामाचा शब्द काढायचा नाही. आणि मुलीचीही सही आणा." मग मीही एका लांबलचक कागदावर सही करून जिभेला कुलूप घातलं.

त्यानंतर आमच्या घरात जी काही संभाषणं चालायची ती ऐकण्यासारखी होती. हवेचा विषय निघाला की दोघं चपापायचे, कारण हवा म्हटली की फुगा आला. आगीचा विषय नको, घड्याळाचा नको. एकदा मुलांच्या वॉर्डात कुणीतरी चकचकीत फुगा आणून खाटेला बांधला होता. नेमके दोघंही मला भेटायला आलेले. आईने फुग्याकडे पाहिलं, यांनी पाहिलं, आणि दोघांनी एकदम खिडकीकडे तोंड फिरवलं. मग फक्त नळ उरला. आमच्या स्वयंपाकघरातला गळका नळ हा विषय त्यांनी दीड वर्ष पुरवून वापरला.

पण "थंड निघाला" हा शब्द आईच्या मनाला लागला होता. चाचणीचा अहवाल तिला तसाही मिळाला होता, त्यात तेच लिहिलेलं. तिचा गोळा आकाराने खऱ्यासारखा होता, पण पातळ कातडीचा असल्यामुळे उंचावर गेल्याबरोबर गार पडला. जड वस्तू आपली ऊब सांभाळून असते. आई आठवडाभर चहाच्या किटलीभोवती टोपी घालून, काढून, पुन्हा घालून बघत होती. मी विचारलं नाही. मग तिने दोन कातड्यांचा फुगा केला, आत ऊब टिकवायची सोय केली, आणि एकात एक असे दोन गोळे सुरकुती न पडता कसे घडी घालायचे ते शोधायला तिला पाच महिने लागले. संस्थेतल्या शिकल्यासवरल्या माणसांनी सांगितलं होतं की अशी घडी होणं शक्य नाही. आईने त्यांना खाली जमिनीवर बसवून करून दाखवली. "टेबलावर होत नाही," ती म्हणाली, "तुम्ही टेबलावर करत होतात."

दुसऱ्या चाचणीत तिने सगळ्यांचा निकाल लावला. लांबच्या रडारने कळवलं, "खरा वाटतो." उष्णतेच्या डोळ्याने कळवलं, "खरा वाटतो." जोडखोलीने दोघांचं ऐकून त्याच गोळ्यावर बोट ठेवलं. वरच्या फळीने तो उडवला, आणि खालच्या फळीला निरोप गेला की काम झालं, बाकीचे फुगे आहेत. खालचं रडार निवांत राहिलं. खरा गोळा त्याच्या समोरून आरामात खाली आला आणि रिकाम्या समुद्रात पडला. त्यात स्फोटक वगैरे काही नव्हतं, पण असतं तर काय, हे सगळ्यांच्या डोक्यात आलंच.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच, की आई शिटी वाजवत जिना चढते आहे आणि नवऱ्याचं तोंड उतरलेलं आहे. हे जेवेनात. भिंतीकडे बघत बसायचे. मी डोळे मिटून बसले असते तरी मला दोन अधिक दोन करता आलं असतं.

मग मी एक गोष्ट केली, तिची मला आजही लाज वाटते. मी खाली दालनात गेले. आई सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्यांसाठी एक छत्री दुरुस्त करत होती. मी म्हटलं, "आई, मला काही सांगू नकोस. फक्त ऐक. पुढच्या वेळी जरा कच्चं शिव ना."

तिने मान वर केली नाही. काडी बसवली, दोरा दाताने तोडला. मग म्हणाली, "बस."

मी बसले.

"त्यांचं तोंड मलाही दिसतं," ती म्हणाली. "मलाही घास गोड लागत नाही. पण मी कच्चं शिवलं तर ते माझ्याशी जिंकतील. उद्या दुसऱ्या कुणी पक्कं शिवून पाठवलं तर? तो त्यांची सासू नसेल."

मी खाली पडलेले दोऱ्याचे तुकडे वेचू लागले.

"माणसाचं मन राखायला मी छत्री गळकी करू का?" ती म्हणाली. "त्यांना खायला घाल. बाकी त्यांचं ते बघतील. तू समजतेस त्यापेक्षा पक्के आहेत ते."

मी रडतच वर आले. आई मला रागावली नव्हती, म्हणून जास्तच रडू आलं.

पुढच्या आठवड्यात माझी सकाळची पाळी होती. घरी आले ती चिडून. झालं असं की माझ्याआधीच्या नर्सने पाळी बदलताना मला नुसतं सांगितलं, "सात नंबर बरा आहे." आणि सात नंबर अजिबात बरा नव्हता. तिला ताप थोडा दिसला होता, पण तेवढ्याने काय होतं म्हणून तिने तो सांगितला नाही. डॉक्टरांना नाडी जराशी वेगळी वाटली होती, पण तेवढ्याने काय होतं म्हणून तेही बोलले नाहीत. दोघांनी "बरा आहे" म्हटलं, आणि दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या असत्या तर शिकाऊ पोरीलाही कळलं असतं. माणूस वेळेत सावरला, पण माझं डोकं फिरलं होतं.

"आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात," मी भांडी आदळत म्हटलं, "बरा आहे म्हणायचं नाही. ताप किती, नाडी किती, किती वाजता बघितली, ते सांगायचं. बरा की वाईट ते पुढचा ठरवेल. तुमचं मत कुणी मागितलंय?"

यांनी भिंतीवरची नजर काढून माझ्याकडे वळवली.

"पुन्हा सांग," हे म्हणाले.

"काय?"

"मत कुणी मागितलंय, त्याच्या आधीचं."

मी पुन्हा सांगितलं. यांनी समोरचं सगळं ताट संपवलं, माझ्या ताटातलंही थोडं खाल्लं, आणि बूट घालून भर दुपारी ऑफिसला गेले. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती.

यांना जे सुचलं ते मला फार नंतर कळलं. तोवर प्रत्येक डोळा जोडखोलीला आपला निकाल कळवायचा: खरा किंवा खोटा. निकाल छोटा, पाठवायला सोपा. पण त्यात प्रत्येकाची बारीकसारीक शंका गिळली जायची. हे प्रत्येक केंद्रावर स्वतः गेले आणि हात जोडून सांगत सुटले की निकाल नको, दिसलं ते पाठवा, आणि कितव्या क्षणी दिसलं तेही पाठवा. कुणी हसलं. कुणी म्हणालं, आमच्या शब्दावर विश्वास नाही का. लांबच्या रडारचा प्रमुख तर महिनाभर बोलत नव्हता. सगळ्यांची घड्याळं एका क्षणावर आणायलाच चार महिने गेले. हे पुन्हा नीट जेवायला लागले होते, पण ताटाकडे न बघता. एकदा यांनी पाव चहाऐवजी पाण्यात बुडवून खाल्ला आणि त्यांना ते कळलंच नाही.

शेडमध्ये आईचंही काम चाललं होतं. ती या वेळी तीन गोळे करत होती. संध्याकाळी दोघं घरी आले की मी जिन्यातून वर-खाली करत दोघांनाही चहा द्यायचे आणि मूग गिळून गप्प राहायचे. घरात युद्ध चाललंय आणि दोन्ही छावण्यांना आपणच रसद पुरवतोय, असं ते काम होतं.

तिसरी चाचणी सकाळी दहा वाजता होती. मोठ्या बाईंनी प्रथमच आईला मोठ्या पडद्याच्या खोलीत बसायला बोलावलं. हे काचेपलीकडच्या जोडखोलीत, आईकडे पाठ करून. पुढचं सगळं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं आहे, आणि दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नाही.

उपग्रहाने लोळ पाहिला. काही मिनिटांनी पडद्यावर चार ठिपके उमटले, एक खरा आणि तीन आईचे. लांबच्या रडारने त्यांची चमक पाठवली, उष्णतेच्या डोळ्याने ऊब. दोन्ही नोंदी एकाच घड्याळावर एकाखाली एक आल्या. प्रत्येक गोळा स्वतःभोवती फिरत होता आणि फिरताना त्याची चमक कमी-जास्त होत होती, ऊबही कमी-जास्त होत होती. भरीव वस्तूत दोन्हींचा ताल जसा जुळतो, तसा एका ठिपक्यात जुळला नाही. मग दुसऱ्यातही जुळला नाही. यांनी दोन्ही बाद केले.

"दोन गेले," आई मोठ्या बाईंना म्हणाली. तिला आधी वाईट वाटलं आणि लगेच तिच्या लक्षात आलं की आपण हसतो आहोत.

राहिले दोन. त्यातला एक आईचा सगळ्यात लाडका गोळा होता. चौदा वेळा फाडून पुन्हा केलेला. त्याचा ताल जुळत होता. खऱ्याचाही जुळत होता. वेळ संपत आली. वरच्या फळीला एकावरच नेम धरता येणार होता, तिने धरला, आणि पडद्यावर एक ठिपका फुटून विखुरला. खोलीत टाळ्या पडल्या. आईने टाळी वाजवली नाही. विखुरताना त्या ठिपक्याचे तुकडे ज्या झपाट्याने पांगले ते तिने पाहिलं होतं; जड वस्तू तशी पांगत नाही.

"तो माझा होता," ती म्हणाली.

मोठ्या बाईंचा चेहरा पडला. काचेपलीकडे मात्र आमचे हे टाळ्या वाजवत नव्हते. या वेळी यांनी खाली "काम झालं" असा निरोप पाठवलाच नव्हता. पाठवला होता तो असा: एक उडवला, दुसऱ्याबद्दल शंका आहे, तो अमुक जागी, अमुक वेगाने येतो आहे, डोळा ठेवा. जवळचं रडार त्याच जागेवर आधीपासून रोखलेलं होतं. ठिपका हवेत शिरला. फुगा असता तर हवेने त्याला तिथेच मागे खेचलं असतं. हा तसाच सुसाट खाली येत राहिला. खालच्या फळीने त्याला जमिनीपासून बऱ्याच वर गाठलं, आणि पडदा रिकामा झाला.

या वेळी आईने टाळ्या वाजवल्या. इतक्या जोरात, की हे वळून बघू लागले. काचेतून आवाज जात नव्हता, त्यामुळे आईने आपल्या छातीवर बोट ठेवून एक बोट दाखवलं, मग यांच्याकडे बोट करून एक बोट दाखवलं. एक माझा, एक तुमचा, हा अर्थ यांना कळला आणि यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, सासूबाईंना हात हलवून दाखवला.

त्या दिवसापुरती मोठ्या बाईंनी दोघांना बोलायची सूट दिली. दोघं संस्थेच्या बसने एकत्र घरी आले आणि उतरायचा थांबा चुकले. पुढच्या थांब्यावरून चालत आले. मी दारात उभी होते. हे आईला सांगत होते, "तुमच्या तिसऱ्याने मला घाम फोडला हो आई. मी त्याच्यावर पैज लावली असती."

"लावलीतच की तुम्ही, जावईबापू," आई म्हणाली. "हरलात. पण दुसरीकडे राखून ठेवलं होतंत, ते बरं केलंत. ते कुणी शिकवलं?"

यांनी माझ्याकडे बोट केलं. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण त्या दोघांना एकमेकांकडे बघून हसताना पाहिलं आणि मी आत जाऊन आणखी एक भांडं चहा ठेवला. मग मी आईला बाजूला घेऊन म्हटलं, "कच्चं शिव म्हणाले होते ना मी..."

"कधी?" आई म्हणाली. "मला नाही आठवत."

पुढे दोन वर्षांनी यांच्याच विभागाने अर्ज केला की फुगेवाल्या बाई आम्हाला द्या. फसवणारा कुठे फसवेल हे फसवणाऱ्यालाच कळतं, असं त्यात लिहिलं होतं. तोवर आईने शेडमध्ये एका तरुण मुलीला तयार केलं होतं. ती आधी पॅराशूटच्या घड्या घालायची, अबोल होती, आणि तिचा हात आईसारखाच हलका होता. आई शेड तिच्या हवाली करून वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी जोडखोलीत गेली. तिथे सगळे इंजिनिअर आणि मध्ये खुर्चीवर तंबूवाल्या बाई. हे तिथे तिचे साहेब होते, पण हाक मारायचे ती "आई" म्हणूनच, आणि थोड्याच दिवसांत सगळी खोलीच तिला आई म्हणायला लागली.

तिची पहिलीच चाचणी त्या अबोल मुलीच्या गोळ्यांविरुद्ध होती. आईने पडद्यावरचे ठिपके पाहिले, नोंदी पाहिल्या, चष्मा पुसला, पुन्हा पाहिल्या. मग पाचातल्या एकावर बोट ठेवून ठामपणे म्हणाली, "हा खरा. असं कुणी शिवूच शकत नाही."

तो फुगा होता.

आई घरी आली ती जिन्यातच बसली. मला वाटलं, तिला चक्कर आली. धावत खाली गेले तर ती पोट धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि शेजारी पायरीवर हे बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. "काय गं ती पोरगी," आई धापा टाकत म्हणत होती, "काय गं ती पोरगी. उद्या तिला जेवायला बोलाव."